सहा-चार, चार-तीन

आमच्या ऑफिसात दुपारच्या चहाला रोज एक निरुपयोगी वाद लागतो. सचिन की विराट, मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, टॅब्ज की स्पेसेस... गेल्या आठवड्यातला विषय होता टेनिसमधली सगळ्यात महान स्त्री खेळाडू कोण. टीममधल्या एका पोराने लगेच लॅपटॉप उघडून तक्ता केला (आमच्या धंद्यातल्या माणसाला एक्सेल उघडल्याशिवाय मत मांडता येत नाही). ग्रँड स्लॅममधली एकेरीची विजेतेपदं, उतरत्या क्रमाने. मार्गारेट कोर्ट २४, सेरेना विल्यम्स २३, स्टेफी ग्राफ २२, हेलन विल्स १९, एव्हर्ट आणि नवरातिलोव्हा प्रत्येकी १८, बिली जीन किंग १२. त्याखाली ९ या आकड्यावर दोन नावं, मॉरीन कॉनोली आणि मोनिका सेलेस.

"इथून खाली उडवतो," तो म्हणाला. "नऊ म्हणजे ग्राफच्या निम्मेसुद्धा नाहीत." आणि त्याने त्या दोन ओळी डिलीट केल्या.

त्याची काही चूक नाही. सेलेसवर हल्ला झाला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. मी चहा संपवून जागेवर आलो, पण ती पुसलेली ओळ काही डोक्यातून जाईना. कारण तीस-बत्तीस वर्षांपूर्वी नेमकी हीच ओळ पुसली गेली होती, आणि त्या वेळी मला चक्क आनंद झाला होता. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज शनिवार आहे, लिहूनच टाकतो.

आधी मोनिका कोण ते सांगायला हवं. जन्म २ डिसेंबर १९७३, गाव नोवी साद, देश युगोस्लाव्हिया. हा देश आता नकाशावर नाही. नोवी साद आता सर्बियात आहे. घरची भाषा हंगेरियन. वडील कारोली सेलेस व्यंगचित्रकार होते. टेनिसचे प्रशिक्षक वगैरे नव्हते, पण मोनिकाचा मोठा भाऊ झोल्टान टेनिस खेळायचा आणि ही शेंडेफळ त्याच्या मागे लागली. वडिलांनी मग आपल्या पद्धतीने शिकवायला घेतलं. घराजवळच्या पार्किंगच्या जागेत नेट म्हणून दोरी बांधली. पोरीला टॉम अँड जेरी आवडायचं, तर चेंडूवर चित्रं काढून दिली. तू जेरीला पकडणारी मांजर आहेस, पळ! रॅकेट जड होती म्हणून तिने ती दोन्ही हातांनी धरली, फोरहँडलासुद्धा आणि बॅकहँडलासुद्धा. पुस्तकी कोचने पहिल्याच दिवशी ही सवय मोडली असती. वडिलांनी नाही मोडली. ते पुस्तकी नव्हते ना!

पुढे फ्लोरिडातल्या एका स्पर्धेत निक बोलेटिएरी या नामवंत कोचच्या नजरेत ती भरली आणि १९८६ साली, बारा-तेरा वर्षांची असताना, त्याच्या अकादमीत दाखल झाली. १९८९ साली पंधराव्या वर्षी तिने पहिली व्यावसायिक स्पर्धा जिंकली, ह्यूस्टनला. अंतिम सामन्यात समोर होती ख्रिस एव्हर्ट. पुढच्या वर्षी, १९९० च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत तिची गाठ पडली स्टेफी ग्राफशी. पहिल्या सेटच्या टायब्रेकरमध्ये ग्राफ ६-२ ने पुढे, म्हणजे चार सेट पॉइंट हातात. सेलेसने चारही वाचवले, टायब्रेकर ८-६ असा घेतला आणि मॅच ७-६, ६-४ अशी जिंकली. वय साडेसोळा. तोपर्यंत इतक्या लहान वयात कुणी फ्रेंच ओपन जिंकली नव्हती.

आणि मग ती थांबलीच नाही. जानेवारी १९९१ ते जानेवारी १९९३ या दोन वर्षांत एकूण नऊ ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या. त्यातली १९९१ ची विम्बल्डन ती खेळली नाही. उरलेल्या आठही स्पर्धांच्या अंतिम फेरीत ती पोचली आणि सात जिंकली. एका ग्रँड स्लॅममध्ये सात सामने, म्हणजे आठ स्पर्धांत छप्पन्न. त्यातले पंचावन्न जिंकले, एक हरली. मार्च १९९१ मध्ये तिने ग्राफला मागे टाकून पहिला नंबर घेतला. ग्राफ तिथे सलग १८६ आठवडे बसलेली होती.

आता माझी बाजू. मी ग्राफचा माणूस. म्हणजे कट्टर. माझ्या कपाटाच्या दारावर 'स्पोर्टस्टार'मधलं तिचं पोस्टर होतं, फोरहँड मारताना हवेत उडालेली. ग्राफमध्ये आम्हाला सगळंच आवडायचं: कमी बोलणं, दोन पॉइंटच्या मध्ये वेळ न काढणं, हरली तर मान खाली घालून निघून जाणं. एकदम आपल्या वर्गातल्या हुशार मुलीसारखी. आणि ही सेलेस? फटका मारताना किंचाळते काय, मुलाखतीत खिदळते काय, केस रंगवते काय. आमच्या वाड्यातल्या काकूसुद्धा म्हणायच्या, "शोभतं का मुलीच्या जातीला असं ओरडणं?" जगभरातही फार वेगळं चाललं नव्हतं. १९९१ ची विम्बल्डन तिने ऐन वेळी सोडली, तर पेपरांतून ती गरोदर असल्याच्या वावड्या उठल्या. सतरा वर्षांची मुलगी! कारण निघालं पायाच्या नडगीचं दुखणं. १९९२ च्या विम्बल्डनमध्ये तिच्या ओरडण्याबद्दल दोन प्रतिस्पर्धी खेळाडूंनी तक्रारी केल्या. अंतिम सामन्यात ती बिचारी तोंड मिटून खेळली आणि ग्राफने तिला ६-२, ६-१ असं धुतलं. आम्ही दूरदर्शनसमोर टाळ्या पिटल्या. ती गप्प का झाली हे मला फार नंतर कळलं.

सेलेसच्या बाजूने आमच्या खानदानात एकच मत होतं, साताऱ्याच्या मामेबहिणीचं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. अंगणात बॅडमिंटन खेळतानासुद्धा ती रॅकेट दोन्ही हातांनी धरायची, सेलेससारखी. बॅडमिंटनमध्ये त्याचा काडीचा उपयोग नसतो, पण तत्त्व म्हणजे तत्त्व! मे महिन्याची सुट्टी म्हणजे आमच्या दोघांची भांडणं. १९९२ च्या फ्रेंच ओपनचा अंतिम सामना सेलेसने तिसऱ्या सेटमध्ये १०-८ असा जिंकला, त्यानंतर ताईने मला पोस्टकार्ड पाठवलं होतं. त्यावर फक्त "१०-८" एवढंच लिहिलेलं. पोस्टमन हसत हसत देऊन गेला.

१९९३ साल. एक मे म्हणजे महाराष्ट्र दिन आणि आमचा शाळेचा निकाल. मी पाचवी पास होऊन दुपारच्या एसटीने आईबरोबर स्वारगेटहून साताऱ्याला निघालो. संध्याकाळी मामाकडे टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. त्यात ती क्लिप आली.

आदल्या दिवशी, म्हणजे ३० एप्रिल १९९३ ला, हँबुर्गमधली गोष्ट. रोथेनबाउमच्या कोर्टवर उपांत्यपूर्व सामना, समोर बल्गेरियाची माग्दालेना मालीवा. सेलेस आजारपणामुळे दोनेक महिने बाहेर होती, नुकतीच परतली होती. स्कोअर ६-४, ४-३, सेलेस पुढे. बाजू बदलताना दोघी खुर्च्यांवर बसल्या. मागून प्रेक्षकांतून एक माणूस आला, कठड्यावरून वाकला आणि त्याने तिच्या पाठीत सुरी खुपसली. खाटकाकडे हाडं सोलायला असते तसली लांब पात्याची सुरी. ती त्याच क्षणी जरा पुढे झुकली होती. म्हणून वार दोन खांद्यांच्या मध्ये, मणक्याच्या बाजूला, दीडेक सेंटिमीटर खोल गेला. टीव्हीवर आम्ही पाहिलं ते एवढंच: ती उठते, पाठीवर हात नेते, दोन-चार पावलं टाकते आणि कोसळते.

मामा म्हणाला, "युगोस्लाव्हियाचं राजकारण असणार." तिकडे बोस्नियात युद्ध पेटलेलं होतं आणि इकडे मुंबईचे मार्चमधले स्फोट ताजे होते. मोठ्या माणसांकडे त्या दिवसांत सगळ्या गोष्टींचं हेच उत्तर होतं. तिकडे जर्मनीतही सुरुवातीला लोकांच्या मनात हीच शंका आली होती.

आणि मी, दहा वर्षांचा शहाणा, काय म्हणालो असेन? "म्हणजे आता स्टेफी परत नंबर वन!"

कुणीच काही बोललं नाही. मामीने टीव्ही बंद केला. ताई उठून आत गेली.

दोन दिवसांनी पेपरात सगळं सविस्तर आलं. हल्लेखोर गुंटर पार्शे, वय ३८, पूर्वाश्रमीच्या पूर्व जर्मनीतला बेकार कामगार. राजकारण-बिजकारण काही नाही. तो स्टेफी ग्राफचा भक्त होता. सेलेसला मारून टाकायचं नव्हतं, फक्त काही दिवस खेळता येणार नाही इतपत जखमी करायचं होतं, म्हणजे स्टेफी परत नंबर वन होईल, असं त्याने पोलिसांना सांगितलं होतं.

ताईने तो पेपर घडी घालून माझ्यासमोर ठेवला आणि निघून गेली. मी वाचलं. ते माझंच वाक्य होतं, शब्दाला शब्द.

एवढी वर्षं ही गोष्ट माझ्या मनात 'एका वेड्या माणसाने केलेलं कृत्य' अशी होती. मागच्या आठवड्यात त्या एक्सेलमुळे परत सगळं वाचून काढलं, तेव्हा लक्षात आलं की वेडा माणूस हा या गोष्टीतला सगळ्यात छोटा भाग आहे. त्याचं काम काही सेकंदांचं होतं. पुढचं सगळं शहाण्या माणसांनी, नियमाला धरून केलं.

स्पर्धेचंच बघा. ती थांबली नाही. दोन दिवसांनी, रविवारी, हँबुर्गचा अंतिम सामना झाला; आरांचा सांचेझ व्हिकारियोने ग्राफला हरवलं. (ग्राफ सेलेसला भेटायला हॉस्पिटलमध्ये जाऊन आली होती, रडली होती.) आपल्याकडे नाटक चालू असताना विंगेत कुणाला काही झालं, तर 'शो मस्ट गो ऑन' म्हणून टाळ्या घेतात. पण इथे खेळाडूला खेळता येऊ नये म्हणून मारलं होतं, आणि खेळ तिच्याशिवाय सुरळीत चालू राहिला.

मग रँकिंग. आपल्या भाषेत सांगायचं तर रँकिंग म्हणजे स्लायडिंग विंडो, गेल्या ५२ आठवड्यांतली कामगिरी. तुम्ही खेळला नाहीत की जुने निकाल एकेक करून खिडकीबाहेर पडतात. खेळाडू जायबंदी झाली की तिचा नंबर घसरतो, हे सगळ्यांनाच मान्य असतं. पण हल्लेखोराचा उद्देशच नंबर घसरवणं हा असेल तर? कुठल्याही प्रोग्रॅमरने या कॉर्नर केसचा विचार केला नसता. सेलेस परतेपर्यंत तिचा पहिला नंबर राखून ठेवावा का, असा प्रश्न मे महिन्यात रोमच्या स्पर्धेला जमलेल्या आघाडीच्या खेळाडूंना विचारला गेला. त्यांनी नको म्हणून सांगितलं. वेगळी राहिली ती एकटी गॅब्रिएला साबातिनी, तिने विरोधात मत दिलं नाही.

इथे त्या मुलींना खलनायिका ठरवणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी बसून बघा. नंबरवर ड्रॉ ठरतो, प्रायोजक ठरतात, करारातले बोनस ठरतात. एक जागा गोठवली की खालच्या सगळ्यांची एक पायरी गेली. 'वाईट झालं हो, पण नियम सगळ्यांना सारखा' — अप्रेझलच्या मिटिंगमध्ये मी स्वतः हे वाक्य ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर एकदा वापरलंयही. आमच्या टीममधली एक मुलगी अपघातात पाय मोडून पाच महिने घरी होती. वर्षअखेरीला तिचं रेटिंग खाली गेलं, कारण 'वर्षभरातलं योगदान' बघायचं होतं. मी त्या खोलीत होतो. माझं रेटिंग त्या वर्षी छान आलं. असो.

जून १९९३ मध्ये ग्राफ परत पहिल्या क्रमांकावर आली. वर्षभरात सेलेसचं नाव यादीतून पार नाहीसं झालं. पार्शेला जे हवं होतं ते त्याला मिळालं. ते त्याच्या हातात यादीने दिलं.

मग कोर्ट. ऑक्टोबर १९९३ मध्ये हँबुर्गच्या न्यायालयाने त्याला दोन वर्षांची शिक्षा सुनावली, आणि ती स्थगित केली. आरोप खुनाच्या प्रयत्नाचा नाही, गंभीर दुखापतीचा. त्याची मानसिक अवस्था बघता जबाबदारी कमी धरली. खटल्याआधीची कोठडी सोडली तर तो तुरुंगात गेलाच नाही. १९९५ मध्ये वरच्या कोर्टातही तेच कायम राहिलं. सेलेसने जर्मन टेनिस महासंघावर सुरक्षेतल्या हलगर्जीपणाबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावला, तोही ती हरली. त्यानंतर ती जर्मनीत कधीच खेळली नाही. लोक म्हणायचे फार ताणतेय. मला आता वाटतं, कमीच ताणलं.

जखम काही आठवड्यांत भरली. खेळायला मात्र सत्तावीस महिने लागले. कारण खेळाडूचं सगळं काम असतं जाळीकडे तोंड करून, पाठ प्रेक्षकांकडे. तिथेच भरवसा उडाला तर काय करायचं? त्यात १९९३ मध्येच वडिलांना कॅन्सर झाल्याचं कळलं. तोच माणूस कोच, तोच मित्र, चेंडूवर जेरी काढणारा तोच. पुढे २००९ मध्ये आलेल्या आत्मकथनात तिने लिहिलंय की या काळात तिला अनावर खाण्याचा विकार जडला. बाहेरच्या जगाला फक्त वाढलेलं वजन दिसत होतं आणि त्यावर विनोद करायला कुणी कमी नव्हतं.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये ती टोरांटोला परतली आणि एकही सेट न गमावता स्पर्धा जिंकली. अंतिम सामना ६-०, ६-१! तोपर्यंत मार्टिना नवरातिलोव्हा वगैरेंच्या आग्रहामुळे तिला ग्राफच्या जोडीने पहिला क्रमांक देण्यात आला होता. म्हणजे जे १९९३ मध्ये करता येणार नाही म्हणाले, ते १९९५ मध्ये करता आलं. नियम तोच होता. कुणीतरी तो बदलायचा ठरवला, इतकंच.

लगेच यूएस ओपन. ती सरळ अंतिम फेरीत, समोर अर्थात ग्राफ. पहिला सेट टायब्रेकरवर. सेलेसकडे सेट पॉइंट. तिने सर्व्हिस मारली, एस गेला असं समजून ती आनंदाने खुर्चीकडे निघालीसुद्धा, आणि तो चेंडू बाहेर दिला गेला. ग्राफने टायब्रेकर घेतला. दुसरा सेट सेलेस ६-०. तिसरा ग्राफ ६-३. मी तेव्हा आठवीत होतो. आयुष्यात पहिल्यांदा ग्राफ जिंकल्यावर मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

जानेवारी १९९६ मध्ये आंके हुबरला हरवून तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. नववं विजेतेपद, आणि शेवटचं. १९९८ च्या मे महिन्यात वडील गेले. त्यानंतर काही दिवसांतच ती फ्रेंच ओपन खेळायला उतरली, वडिलांची अंगठी साखळीत घालून गळ्यात बांधलेली. उपांत्य फेरीत तिने मार्टिना हिंगिसला हरवलं. अंतिम सामना हरली. मी म्हणेन की तिच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी स्पर्धा हीच, आणि एक्सेलमध्ये ती मोजली जात नाही कारण त्या रकान्यात फक्त विजेतेपदं येतात. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ. शेवटचा अधिकृत सामना २००३ ची फ्रेंच ओपन. २००८ मध्ये निवृत्ती जाहीर, २००९ मध्ये हॉल ऑफ फेम. आणि २०२५ मध्ये तिने जाहीर केलं की तिला मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंचा आजार आहे. खेळताना एकाऐवजी दोन चेंडू दिसायला लागले, तेव्हा शंका आली म्हणे.

आता न्यायाने ग्राफबद्दलही लिहायला हवं, नाहीतर माझ्यातला जुना भक्त मला झोपू देणार नाही. हल्ल्याच्या आधी दोघींच्या आपसांतल्या दहा सामन्यांत ग्राफ ६-४ ने पुढे होती. म्हणजे सेलेससमोर ग्राफ हतबल होती, असं अजिबात नव्हतं. मात्र ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत चारदा गाठ पडली, त्यात सेलेस ३-१. हल्ल्याच्या दिवशी ग्राफकडे ११ ग्रँड स्लॅम होत्या, सेलेसकडे ८. ग्राफ तेव्हा तेवीस वर्षांची, सेलेस एकोणीस. त्यानंतर सेलेस बाहेर असताना ग्राफने ओळीने चार जिंकल्या, आणि एकंदर बावीसवर थांबली. यातली एकही तिने चोरलेली नाही. समोर जी येईल तिला हरवलं. तिने कुणाला सुरी घ्यायला सांगितलं नव्हतं, आणि आपल्या नावाने असं काही झाल्याचं ओझं तिलाही न मागता मिळालं.

मग हल्ला झाला नसता तर सेलेसने किती जिंकल्या असत्या? पंधरा? वीस? लोक चहाच्या टेबलावर हे आकडे छातीठोकपणे सांगतात. मला ते पटत नाही. तिचा खांदा गेला असता, कंटाळा आला असता, सोळा वर्षांची हिंगिस आली असती, काय वाट्टेल ते झालं असतं. झालं नाही ते मोजता येत नाही. पण तक्त्याला भोक पडलंय एवढं तरी दिसायला हवं की नको? तिच्या नावापुढचा ९ आणि ग्राफच्या नावापुढचा २२ हे एकाच मापाने मोजलेले आकडे नाहीत. एक पूर्ण कारकिर्दीचा आहे. दुसऱ्यातले आठ एकोणिसाव्या वर्षापर्यंतचे आहेत, आणि मग फक्त एक.

गंमत बघा (गंमत कसली म्हणा), त्या पोराने डिलीट केलेली दुसरी ओळ मॉरीन कॉनोलीची. सॅन डिएगोची मुलगी. १९५३ मध्ये एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकणारी जगातली पहिली स्त्री. जुलै १९५४ मध्ये, तिसरी विम्बल्डन जिंकून घरी आल्यावर, घोड्यावरून रपेट करताना एका काँक्रीट मिक्सरच्या ट्रकमुळे अपघात झाला, पाय मोडला, टेनिस संपलं. वय एकोणीस. विजेतेपदं नऊ. चौतिसाव्या वर्षी ती कॅन्सरने गेलीसुद्धा. म्हणजे यादीत ९ या आकड्यावर दोघी आहेत आणि दोघींची रेघ एकोणिसाव्या वर्षी तुटलेली आहे. सॉर्ट बाय डिसेंडिंग केल्यावर हे दिसत नाही.

परवा रात्री ताईला फोन केला. ती आता नाशिकला असते, तिचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. इकडचं तिकडचं झाल्यावर मी घसा खाकरून म्हटलं, "ताई, ९३ सालच्या मे महिन्यात मी सेलेसबद्दल जे बोललो होतो ना, ते फार वाईट होतं."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "तू आलास त्या सुट्टीत मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते, एवढं आठवतंय. का ते विसरले होते." मग हसून, "अरे दहा वर्षांचा होतास तू."

हो, होतो. पण अप्रेझलच्या त्या खोलीत मी दहा वर्षांचा नव्हतो. हे तिला सांगितलं नाही. ज्या मुलीला सांगायला हवं होतं, तिला काल मेल लिहिली. अजून पाठवली नाही. ही पोस्ट टाकली की पाठवतो.

सोमवारी त्या पोराची शीट उघडून दोन्ही ओळी परत घातल्या. शेजारी 'शेरा' असा नवा रकाना केला. कॉनोलीसमोर लिहिलं, "१९ व्या वर्षी अपघात." सेलेससमोर लिहिलं, "१९ व्या वर्षी हल्ला. तेव्हा स्कोअर ६-४, ४-३, पुढे होती."

त्याने वाचलं आणि विचारलं, "ही मॅच पूर्ण नाही झाली?" मग मी त्याला १९९२ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्याबद्दल सांगितलं. नुसता तिसरा सेट दीड तासाचा. घरी जाऊन बघ म्हटलं. दुसऱ्या दिवशी डोळे तारवटलेले घेऊन आला. "दहा-आठ!" तो म्हणाला. "कसली खेळलीय यार ती!"

तुम्हीही बघा. आवाज चालू ठेवून बघा.